लेटरहेड, कार्ड, पाकीट, चलनबुक एकसारखं करून घ्यायचं आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. आसपासच्या कारखान्यांचे प्रेशर गेज, थर्मामीटर वगैरे कॅलिब्रेट करून देतो. वर्कशॉप मामेभाऊ सांभाळतो, ऑफिस मी. सध्या प्रत्येक वस्तू वेगळ्या ठिकाणी छापलेली आहे. लोगोचा गडद निळा कार्डावर जांभळट दिसतो, तर लेटरहेडवर फिका. मोजमापाच्या नेमकेपणावर पोट असलेल्यांच्या कागदांत असा फरक दिसू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आता सगळं एकदमच नव्याने करायचं ठरवलं आहे.

रंगाचं मला कळलं ते असं : कार्ड डिजिटलवर (टोनरने) निघालंय, लेटरहेड ऑफसेटवर (प्लेट बनवून शाईने), आणि बाँड पेपर शाई पितो म्हणून रंग दबतो. निळ्यात मजेंटाचं (गुलाबी शाई) प्रमाण सायनच्या (आकाशी शाई) फार जवळ गेलं की जांभळी झाक येते. मग एक पॅन्टोन शेड (ठरावीक नंबरची रंगछटा) पक्की करून सगळं ऑफसेटवर स्पॉट कलरमध्येच, म्हणजे त्या एकाच तयार शाईने, छापावं का? कार्डं तीनच जणांची, प्रत्येकी शंभर-दोनशे. तेवढ्यासाठी प्लेटचा खर्च परवडतो का? की कोटेड आणि बिनकोटेड कागदासाठी सीएमवायकेची (सायन, मजेंटा, पिवळा, काळा या चार शायांची) वेगवेगळी टक्केवारी डिझायनरकडून लिहूनच घ्यावी?

कंपनीचं नाव देवनागरी आणि इंग्रजी, दोन्हींत हवं. इंग्रजी ठसठशीत आणि मराठी खाली कसंबसं बसवलेलं, असे नमुने बरेच पाहिले. तसं नको आहे. आमच्या नावात वेलांटीच्या डोक्यावर रफार येतो. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट दोन्ही लिपींसाठी आहे, म्हणून तो आवडलाय. पण ३.५ बाय २ इंचाच्या कार्डावर देवनागरी किती पॉइंटपर्यंत नीट वाचता येते? प्रेसमध्ये युनिकोड मजकूर पेस्ट केला की जोडाक्षरं फुटतात, तेव्हा फाइल कर्व्ह करूनच (अक्षरांचे आकार बनवून) देणार आहोत.

कंपनी कायदा २०१३च्या कलम १२प्रमाणे लेटरहेडवर आणि बिलावर नाव, नोंदणीकृत पत्ता, २१ अक्षर-अंकी सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन, ईमेल आणि वेबसाइट असल्यास तीही लागते. आमचा नोंदणीकृत पत्ता नौपाड्यातला, वर्कशॉप रबाळ्यात. दोन पत्ते, सीआयएन आणि १५ अक्षर-अंकी जीएसटी नंबर एवढं सगळं तळाला घातलं की गर्दी होते. कोणी हे नीटनेटकं बसवलं असेल तर नमुना दाखवाल का?

चलनबुक तीन प्रतींचं, कार्बनलेस कागदाचं (कार्बन न लावता खालच्या प्रतीवर उमटणारं) हवं. त्यावर लोगो एकाच रंगात छापावा लागेल, म्हणजे लोगोची एकरंगी आवृत्ती आधीच करून घ्यावी लागणार. पाकीट ११० बाय २२० मिमीचं ठरलंय, तीन भागांत दुमडलेला ए-फोर कागद त्यात बरोबर बसतो.

लेटरहेड आम्ही ऑफिसच्या लेझर प्रिंटरमधून काढतो. १०० जीएसएम (दर चौरस मीटरला १०० ग्रॅम) जाडीचा बाँड त्यात अडकत नाही ना? आणि डिजिटलवर छापलेल्या लेटरहेडचा टोनर प्रिंटरच्या उष्णतेने सुटतो, असं ऐकलंय. कोणाला तसा अनुभव आहे का?

नौपाडा, वागळे इस्टेट किंवा तुर्भे भागात आपल्या समोर पहिला ताव काढून, रंग जुळल्यावरच पुढचं छापणारा छापखाना माहीत असेल तर कृपया सुचवा. दसऱ्याआधी सगळं हातात हवं आहे.