मदत हवी आहे: 'टॅक' या शब्दाला मराठीत काय म्हणावं?

शिडाच्या बोटी नव्यानं शिकणाऱ्यांसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. अडलंय 'टॅक'पाशी. एकाच पानावर तो तीन अर्थांनी येतो: शिडाचा पुढचा खालचा कोपरा, बोटीचं पुढचं टोक वाऱ्यातून पलीकडे नेत वळणं, आणि वारा ज्या बाजूनं येतोय त्यावरून ठरणारी बोटीची स्थिती.

कोपऱ्याला 'पुढचा कोपरा' चाललं. वळण्याला 'वळणे' लिहिलं, पण 'जाइब'मध्येही बोट वळतेच, फक्त मागचं टोक वाऱ्यातून जातं. खरी भीती तिसऱ्या अर्थाची आहे. 'स्टारबोर्ड टॅक' म्हणजे वारा उजवीकडून. मी 'उजवा टॅक' लिहिलं, तर वाचून पाहणाऱ्या दोघांनाही बोट उजवीकडे वळतेय असंच वाटलं. समोरासमोर आल्यावर वारा डावीकडून घेणाऱ्या बोटीनं बाजूला व्हायचं असतं. तिथं हा घोळ धोक्याचा.

शब्दकोश पाहिले, तिथं टाचणी आणि टाकेच मिळाले. आकृत्या आहेत, तळटीपांना जागा नाही. इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवायला माझी हरकत नाही. शीड हाताळणारी माणसं दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थासाठी बोलताना नेमके कोणते वेगळे शब्द वापरतात?