घोडी आणि शिंगरासाठी चराईच्या रानाला कोणती जाळी लावावी?

प्रश्न (श्रीगोंदा):
नमस्कार मंडळी. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली मारवाडी घोडी आहे, तिच्यापाशी चार महिन्यांचं शिंगरू. दोघांना दोन एकर रान मोकळं द्यायचंय. बांधावर जुनी काटेरी तार आहे. दुकानदार म्हणतो, चार इंची भोकाची, बारा गेजची चेनलिंक (तारा एकमेकींत गुंफलेली जाळी) घ्या, स्वस्तात होईल, वरून एक काटेरी तार ओढा. जमीन काळी आहे, खांब कलतात. काय करू?

उत्तर (बारामती):
दादा, शिंगरू सोडायच्या आधी काटेरी तार पूर्ण काढा. वरचीसुद्धा नको. गाय तारेत अडकली की बऱ्याचदा थांबते, घोडं बिथरून ओढत सुटतं आणि मांस फाटेपर्यंत ओढतं.

चार इंची जाळी घेऊच नका. त्या भोकात शिंगराचं खूर सरळ जातं आणि काढताना अडकतं. मिळाली तर दोन बाय चार इंची, गाठी मारून विणलेली जाळी सगळ्यात उत्तम. वेल्डिंगची नको, लाथ बसली की जोड सुटतो आणि टोक बाहेर येतं. चेनलिंकच घ्यायची तर दोन इंची, दहा गेज. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड: दहाची साधारण ३.२ मिलिमीटर, बाराची अडीचच्या आसपास.

आता माझ्या घोडीचं सांगते. कुंपणापलीकडे लसूणघास होता. रोज मान पलीकडे टाकून तिने जाळी छातीने दाबली, मधे झोळ पडला. एका सकाळी पुढचा पाय आपटताना नालाचं मागचं टोक तारेत अडकलं. मी पोचले तेव्हा ती तीन पायांवर थरथरत होती, अंग घामाने निथळत होतं. एकाने तोंडाशी धरलं, मी पक्कडीने तीन तारा तोडल्या. तोवर नाल अर्धा उचकटला होता आणि खुराच्या वरचं कातडं सोललं होतं. डॉक्टरांनी आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण घोड्याला तो फार पटकन होतो. वर आडवा पाइप लावला नव्हता, ती चूक माझी.

म्हणून पाच फूट जाळीच्या माथ्यावर दीड इंची पाइप फिरवा, पांढरा रंग द्या. नुसती जाळी पळत्या घोड्याला दिसत नाही. जाळी खांबाच्या आतल्या अंगाने लावा, म्हणजे घोडी रेलली तरी भार खांबावर जातो, बांधलेल्या तारांवर येत नाही.

उत्तर (धुळे):
ताईंचं बरोबर आहे. काळ्या रानात आठ फुटी सिमेंटचा खांब अडीच फूट गाडा, खड्ड्यात खडी-मुरूम ठोकून भरा. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरके टेके द्या, सगळा ताण तिथेच येतो. दोन एकर चौकोनी धरलं तर घेर साधारण १,१८० फूट, आठ फुटांवर एक म्हणजे दीडशेच्या आसपास खांब. रेलायची खोड असेल तर आतून छातीच्या उंचीला झटका मशीनची (तारेत थांबून थांबून विजेचा छोटा झटका सोडणारं यंत्र) एक तार घ्या. मशीन तयार मिळतं तेच घ्या. घरची लाइन थेट तारेला जोडू नका, जनावर जाईल आणि माणूसही.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. चार इंची रद्द केली. देखभाल किती लागते?

उत्तर (बारामती):
आठवड्यातून एकदा पूर्ण घेर चालायचा, जाळीवर हात ठेवून. झोळ हाताला आधी कळतो. पावसाळ्यानंतर वेल उपटायचे, त्यांच्याखाली ओल राहून तार गंजते. जिथे तार कापली तिथे झिंकचा रंग लावायचा. बांधायच्या तारेची टोकं बाहेरच्या बाजूला वळवायची.

आणि काम संपल्यावर घोडी लगेच आत सोडू नका. दोरीला मोठं लोहचुंबक बांधून प्रत्येक खांबाभोवती फिरवा. आमच्याकडे पहिल्या दिवशी ओंजळभर तुकडे निघाले होते.