आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, तपासण्यांत दोष न दिसता पोट वारंवार बिघडण्याचा विकार) आहे. फळं, सॅलड, मोड आलेली कडधान्यं खाल्ली की पोट फुगतं. मग सकस खायचं तरी काय?

सिंहगडरोडकर

आयबीएसचं निदान झालंय, मिश्र प्रकार. दोन-तीन दिवस साफ होत नाही, मग एखाद्या सकाळी तीन-चार वेळा पळावं लागतं. रक्ताच्या तपासण्या, थायरॉईड, सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार) चाचणी, शौचाची तपासणी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी लो फॉडमॅप आहार (म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबून वायू करणाऱ्या साखरा, फॉडमॅप, कमी असलेला) करून बघायला सांगितलं आणि छापील यादी हातात दिली. यादीत केल, क्विन्वा, ब्लूबेरी आणि स्पेल्टचा (गव्हाचा एक जुना प्रकार) ब्रेड. आमच्या घरी सकाळी पोहे किंवा उपमा, डब्याला पोळी-भाजी आणि मटकीची उसळ, रात्री तूरडाळीची आमटी-भात. शाकाहारी आहे, अंडं चालतं. ऑफिस हिंजवडीला, त्यामुळे सकाळचा दीड तास बसमध्ये.

नेमकं विचारायचं ते असं: गहू, कांदा, लसूण कायमचे सोडायचे का? डाळी काढल्या तर प्रथिनं कुठून आणायची? आणि 'फायबर वाढवा' व 'गॅस करणारं खाऊ नका' हे दोन्ही सल्ले एकाच वेळी कसे पाळायचे?

---

आहारगणित

कायमचं काहीच सोडायचं नाही, हे आधी. ती यादी म्हणजे आहार नव्हे, ती चाचणीची पहिली पायरी आहे. बहुतेक लोक तिथेच वर्षानुवर्षं अडकतात आणि मग वजन उतरतं, आतड्यातले उपयुक्त जिवाणूही कमी होतात.

ही पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवली. पायऱ्या तीन. पहिली, दोन ते सहा आठवडे सगळे फॉडमॅप गट कमी करायचे. दुसरी, एकेक गट परत आणून बघायचा. तिसरी, जे सोसतं ते सगळं पुन्हा ताटात घ्यायचं आणि जे सोसत नाही तेवढंच मर्यादेत ठेवायचं. पहिल्या पायरीत सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर तुमचा त्रास फॉडमॅपचा नाही असं समजून नेहमीचं जेवण सुरू करायचं. रेटत बसू नका.

गट असे: गहू, कांदा, लसूण यांतलं फ्रुक्टन, कडधान्यांतली गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स, दुधातलं लॅक्टोज, आंबा, मध, सफरचंद, कलिंगड यांतलं जास्तीचं फ्रुक्टोज, आणि फ्लॉवर, मशरूम, शुगरफ्री च्युइंगगम यांतले सॉर्बिटॉल-मॅनिटॉलसारखे पदार्थ. पहिले दोन गट कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत, कारण ते तोडणारं विकरच माणसात नाही. मोठ्या आतड्यात ते आंबतात, वायू होतो. गॅस सगळ्यांनाच होतो, पण आयबीएसमध्ये आतड्याची संवेदना तीव्र असते, म्हणून दुसऱ्याला जाणवतही नाही एवढा वायू तुम्हाला कळ आणतो.

आता बहुतेकांचं जिथे चुकतं ते. खाल्लेलं मोठ्या आतड्यात पोचायला साधारण चार तास किंवा जास्त लागतात. म्हणजे संध्याकाळी पोट फुगलं तर संशयित दुपारची उसळ असते, पाच वाजताचा चहा नव्हे. उलट, खाऊन उठता उठता जी घाई होते ती बहुधा पदार्थातल्या साखरेची नसतेच. पोट भरलं की मोठं आतडं आकुंचन पावतं, ती प्रतिक्रिया असते. ती तेलकट, तिखट, भरपेट जेवणाने आणि रिकाम्या पोटीच्या कडक चहाने वाढते. दोन वेगळे त्रास, दोन वेगळे उपाय. वहीत फक्त 'काय खाल्लं' नको. किती, किती वाजता आणि त्रास किती वाजता, हे लिहा.

दुसरी चूक बेरजेची. अर्धी वाटी मूग चालतात, एक पोळी चालते, थोडा फ्लॉवर चालतो. तिन्ही एकाच ताटात आले की चालत नाहीत.

---

मंडईची पिशवी

स्पेल्ट शोधायला जाऊ नका. तुमच्या यादीतलं निम्मं काम ज्वारी करते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, पोहे, साबुदाणा हे सगळं पहिल्या पायरीत बसतं. फायबरची चिंता करणाऱ्यांसाठी: १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू, गव्हाच्या पिठात त्याहून थोडेच जास्त, पांढऱ्या तांदळात मात्र तीनच्या आसपास. पोळी सोडून नुसत्या भातावर आलात तर बद्धकोष्ठ ठरलेलं. पोळी सोडून भाकरीवर आलात तर काही बिघडत नाही.

चवीचं म्हणाल तर पुण्यातल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये! गोड्या मसाल्यात कांदा-लसूण नसतोच. धने, जिरं, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, दालचिनी. त्यात चिंच आणि गूळ पडला की आमटी पूर्ण होते. चातुर्मासात कित्येक घरं चार महिने अशीच जेवतात. घातक आहे तो कांदा-लसूण मसाला, आणि बाजारचे तयार मसाले, ज्यांत कांद्याची पावडर असते. पाकिटामागचा घटकांचा तक्ता वाचा.

लसणाची चव हवीच असेल तर: दोन मोठे चमचे तेल मंद आचेवर, त्यात चार पाकळ्या ठेचून न घेता अख्ख्या किंवा दोन तुकडे करून, कडा सोनेरी झाल्या की बाहेर काढून टाका आणि त्या तेलात फोडणी करा. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणूनच 'आमटीत लसूण टाकू आणि खाताना वेचून काढू' हे चालत नाही, तोवर तो रसात उतरलेला असतो. असं तेल ताजंच करा. लसूण घातलेलं तेल बाहेर साठवलं तर बोटुलिझमचा (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात घ्या, पांढरा भाग नको. हिंग चालतो, बांधणीच्या हिंगात मैदा असतो, पण चिमटीभर हिंगातून येणारा गहू आयबीएसला नगण्य आहे. सीलिअॅक असेल तर मात्र तो हिंग बाद.

सकाळी उपम्याऐवजी पोहे, पण कांदेपोहे नाही, बटाटेपोहे, वर मूठभर शेंगदाणे. उपम्याचा रवा गव्हाचाच, हे लोक विसरतात. इडली बहुतेकांना सोसते, कारण आंबताना उडदातली त्रासदायक साखर बरीच कमी होते. तांदळाची उकड करायची तर लसूण वगळून हिंग-मिरचीची फोडणी आणि पातळ ताक. थालीपीठ सध्या नको, भाजणीत हरभरा डाळ आणि गहू दोन्ही असतात, वर कांदा.

भाज्यांत भेंडी, वांगं, गाजर, पालक, फरसबी, काकडी, बटाटा. फ्लॉवर आणि मटार थांबवा. कोबी साधारण पाऊण वाटी चिरलेला, त्यापुढे नाही. सॅलडचा हट्ट सोडा, भाजी वाफवून खाल्ली तरी ती सकसच असते.

---

वाचनमात्र

प्रथिनांबद्दल. डाळ बंद करायची नाही, बदलायची आणि मोजायची. तूरडाळ, मटकी, राजमा, छोले, बेसन बाजूला. मूगडाळ रात्रभर भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायची. डाळीतली वायू करणारी साखर (वरची गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स) पाण्यात उतरते, म्हणून भिजवलेलं पाणी 'जीवनसत्त्वं जातील' म्हणून वापरलंत तर सगळी मेहनत फुकट. शिजलेली घट्ट डाळ एका वेळी चार मोठे चमचे, एवढ्यावर सुरुवात. मोड आणल्यानेही ती साखर कमी होते पण संपत नाही, म्हणून मोडाच्या मटकीची वाटीभर उसळ त्रास देते.

बाकी भरपाई अंडी, टोफू, पनीर, शेंगदाणे आणि दही यांतून. अंड्यात फॉडमॅप नसतंच. दोन अंडी म्हणजे सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं. दूध कमी केलंत तर कॅल्शियमकडे बघा: नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅम पिठाच्या आंबिलीत शंभरेक. प्रौढांची रोजची गरज १००० मिलिग्रॅम आहे, तेव्हा नुसत्या नाचणीवर भागत नाही. तीळ आणि दही लागेलच. घरी नीट लागलेल्या दह्यात दुधापेक्षा लॅक्टोज कमी असतं, शिवाय त्यातले जिवाणू ते पचवायला मदत करतात. ज्यांना कपभर दूध बाधतं त्यांनाही अर्धी वाटी दही किंवा पातळ ताक अनेकदा चालून जातं.

---

खडकीचा पत्ता

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण क्रम उलटा वाटतो. फॉडमॅपच्या आधी दोन-तीन आठवडे साध्या गोष्टी करून बघायला हव्यात, निम्म्या लोकांचं तिथेच भागेल असं माझं मत. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, मोठ्या दोन जेवणांऐवजी मध्यम तीन आणि मधे काहीतरी हलकं. चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कपांच्या आत, सकाळचा पहिला कप काहीतरी खाल्ल्यावर. फळं दिवसाला तीन भागांपर्यंत, एक भाग म्हणजे ८० ग्रॅम, आणि तिन्ही एका वेळी नाही. 'निरोगी' म्हणून सकाळी वाडगाभर मिश्र फळं खाणारे याच कारणाने फुगतात. पपई, संत्रं, अननस, किंचित कच्चं केळं बरं; पूर्ण पिकून ठिपके पडलेल्या केळ्यात फ्रुक्टन वाढतं.

आणि फायबरचं कोडं असं सुटतं. विरघळणारा तंतू वेगळा, कोंडा वेगळा. गव्हाचा कोंडा आयबीएसमध्ये अनेकांचा त्रास वाढवतो. इसबगोल उलट दोन्हीकडे उपयोगी: पाणी धरून कडक मल मऊ करतो आणि पातळ मलाला बांधतो, म्हणून मिश्र प्रकारात तोच घ्यावा. एक चहाचा चमचा, पूर्ण पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचा. घट्ट झाल्यावर खायचा नाही, कोरडा तर कधीच नाही, घशात अडकतो. आठवड्याने दोन चमचे, सोसलं तर तीन. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेऊन 'मला इसबगोल बाधतो' म्हणणारे भरपूर आहेत. बाकी औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर. ज्यांना नुसतं फुगण्याचा त्रास आहे त्यांनी रोज एक मोठा चमचा जवसाची पूड जेवणात घातली तरी चालते.

---

आहारगणित

सहमत, क्रम तसाच हवा. एक भर: गहू बंद करण्याआधी सीलिअॅकची चाचणी झालेली हवी, ती तुमची झाली आहे हे बरं. गहू सोडल्यावर ती चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. आणि शौचात रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन कमी होणं, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काही असेल तर आहाराचे प्रयोग थांबवून आधी पोटाच्या डॉक्टरांकडे. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच सुरू होऊ शकतो.

---

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. दोन शंका. गट परत आणताना प्रमाण काय धरायचं? आणि टीमबरोबर बाहेर जेवायला गेलं तर 'जैन' मागवलं की झालं ना?

---

मंडईची पिशवी

नाही झालं. जैन म्हटल्यावर कांदा-लसूण जातो, पण ग्रेव्ही दाट करायला काजूची पेस्ट येते, आणि काजूत फ्रुक्टनही आहे, कडधान्यांतली ती साखरही. शिवाय वर लोण्याचा थर. त्यापेक्षा साधा डोसा, बटाट्याची भाजी न घालता, सांबार नको, खोबऱ्याची चटणी दोन चमचे (तीत डाळं असतं). नाहीतर दहीभात, जिरा राइस. मिसळीबद्दल विचारूच नका: मटकी, कांदा, लसूण, फरसाणातलं बेसन आणि पाव. पाचही एका वाटीत.

---

आहारगणित

प्रमाण: एका वेळी एकच गट, तीन दिवस, वाढत्या मात्रेत. बाकी जेवण पहिल्या पायरीचंच राहू द्या, नाहीतर निकाल कळत नाही. त्रास झाला तर तिथेच थांबा, पूर्ण शांत होईपर्यंत दोन-तीन दिवस द्या, मग पुढचा गट.

गव्हासाठी घरची पोळीच घ्या, ब्रेड किंवा बिस्किट नको, त्यांत इतर भानगडी असतात. पहिल्या दिवशी एक, मग दीड, मग अडीच. कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासा, दोन्ही फ्रुक्टनचेच असले तरी एक सोसून दुसरा न सोसणारे असतात. कांदा शिजलेला, एक चहाचा चमचा, मग दोन, मग एक मोठा चमचा. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. लॅक्टोजसाठी दूध पाव कप, अर्धा, एक. कडधान्यांसाठी शिजलेले छोले दोन मोठे चमचे, मग चार, मग अर्धी वाटी. फ्रुक्टोजसाठी मध एक चमचा, दीड, दोन. मॅनिटॉलसाठी फ्लॉवरचे दोन तुरे, चार, मग अर्धी वाटी.

बसचा दीड तास आहे, तेव्हा तपासायचा पदार्थ दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात घ्या, सकाळी नको. सुरुवात शुक्रवारी केलीत तर मोठी मात्रा रविवारी येते. ज्या आठवड्यात रिलीज असेल किंवा पाळीचे दिवस असतील तो सोडून द्या. ताणाने आणि पाळीनेही पोट बिघडतं आणि दोष बिचाऱ्या पोळीवर येतो.

---

सिंहगडरोडकर

आणि आंबा? मे महिना आहे.

---

खडकीचा पत्ता

पहिल्या पायरीत असाल तर दोन-तीन फोडी, साधारण ४० ग्रॅम, जेवणानंतर, आणि त्या दिवशी दुसरं फळ नाही. आमरसाची वाटी फ्रुक्टोजची चाचणी पार पडल्यावर. मस्तानीत आंबा आणि दूध दोन्ही, म्हणजे आधी दोन्ही चाचण्या.