‘करारबद्ध केले’, ‘खरेदी केले’ की नुसते ‘संघात आणले’?

विचारणा

बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा मी जुना चाहता असून त्यांच्या 2023 च्या उन्हाळ्यातील नव्या खेळाडूंविषयी मराठीत एक लेख लिहीत आहे. ‘सेल्टिक्सने क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आणि ड्रू हॉलिडे यांना करारबद्ध केले’ असे मी लिहिले, तर एका स्नेह्यांनी त्या जागी ‘खरेदी केले’ असे सुचवले. यांपैकी योग्य कोणते? ‘ट्रेड’ला, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडू देण्याघेण्याला, चपखल मराठी शब्द कोणता? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपण घेतलेल्या उदाहरणात हे दोन्ही शब्द बसत नाहीत, कारण त्या उन्हाळ्यात बोस्टनने या दोघांना विकतही घेतले नाही आणि आणताना त्यांच्याशी नवा करारही केला नाही.

‘खरेदी’ हा शब्द आपल्या क्रीडापानांवर रुळला तो मुख्यतः आयपीएल आणि प्रो कबड्डीच्या लिलावांमुळे. तेथे खेळाडूवर बोली लागते आणि ती रक्कम संघाच्या पर्समधून वजा होते. म्हणून ‘अमुक कोटींना घेतला’ हे म्हणणे वावगे ठरत नाही. सेल्टिक्स ज्यात खेळतो त्या एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये असा लिलावच नसतो. खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात जातो तेव्हा त्याचा चालू करार त्याच्याबरोबर जातो आणि उरलेल्या मुदतीचे वेतन देण्याची जबाबदारी नव्या संघावर येते.

पोर्झिंगिसचेच पाहा. वॉशिंग्टनशी असलेल्या त्याच्या करारात पुढील एका वर्षाचा, 3.6 कोटी डॉलरचा पर्याय त्याच्या हाती होता. तो त्याने स्वीकारला आणि त्या कराराला धरूनच तीन संघांचा व्यवहार झाला: पोर्झिंगिस बोस्टनला, मार्कस स्मार्ट मेम्फिसला, टायस जोन्स वॉशिंग्टनला. बोस्टनचे गॅलिनारी आणि मस्काला हेही वॉशिंग्टनला गेले आणि बोस्टनच्या पदरात नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील पहिल्या फेरीचे दोन निवडहक्क पडले. पुढे जुलैमध्ये बोस्टनने पोर्झिंगिसला आणखी दोन वर्षांसाठी 6 कोटी डॉलर देऊ केले, ती झाली ‘कराराची मुदतवाढ’. हॉलिडेची कथा याहून गमतीची आहे. सप्टेंबरच्या अखेरीस मिलवॉकीने डेमियन लिलार्डला आणताना हॉलिडेला पोर्टलंडला धाडले आणि आठवडाही उलटायच्या आत पोर्टलंडने त्याला बोस्टनकडे सोपवले. त्याच्या मोबदल्यात बोस्टनने माल्कम ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स आणि पहिल्या फेरीचे दोन निवडहक्क दिले. ‘पोर्टलंडचा हॉलिडे’ असा उल्लेख त्या वेळी काही ठिकाणी झाला, पण तोवर तो पोर्टलंडकडून एकही सामना खेळला नव्हता.

‘करारबद्ध’ हा शब्द त्या उन्हाळ्यात खऱ्या अर्थाने लागू पडतो तो ओशे ब्रिसेट आणि डलानो बँटन यांना. दोघांच्या आधीच्या संघांशी असलेला संबंध संपला होता आणि बोस्टनने त्यांच्याशी लहान रकमेचे नवे करार केले. त्या उन्हाळ्यात बोस्टनने सर्वांत मोठ्या रकमेची सही घेतली ती जेलन ब्राउनची, पाच वर्षांसाठी कमाल 30.4 कोटी डॉलर; पण तो 2016 पासून बोस्टनचाच खेळाडू. म्हणजे ‘करारबद्ध’ हा शब्द ‘नवा खेळाडू’ या अर्थाने सरसकट वापरला, तर ब्राउन नव्यांत गणला जाईल आणि पोर्झिंगिस व हॉलिडे बाहेर राहतील.

आता ‘ट्रेड’. ‘विनिमय’ कोशात ठीक, पण क्रीडावृत्तात कोरडा वाटतो. ‘साटेलोटे’ हा आपला जुना, रसरशीत शब्द आहे. दोन घरांनी एकमेकांच्या घरात मुली द्यायच्या, ही कल्पना दोन संघांच्या व्यवहाराला छान शोभते. मात्र आज त्याला संगनमताचा वास चिकटला आहे. ‘सेल्टिक्स आणि पोर्टलंडचे साटेलोटे’ असे छापले, तर वाचक चौकशी समितीची वाट पाहू लागेल. राहिला ‘अदलाबदल’. देवळाबाहेर चपलांची होते तीही अदलाबदलच, असा आक्षेप घेता येईल. तरी ‘खेळाडूंची अदलाबदल’ म्हटले की कोणी काही दिले आणि कोणी काही घेतले, एवढे तरी कळते. माझा कल या शब्दाकडे आहे.

हे देणे दिसणे मला चाहता म्हणूनही महत्त्वाचे वाटते. 2023-24 च्या हंगामाची वेतनमर्यादा, म्हणजे एका संघाच्या खेळाडूंच्या एकूण वेतनाची मर्यादा, सुमारे 13.6 कोटी डॉलर होती. ती ओलांडलेला संघ स्वतःच्या खेळाडूंना पुन्हा करार देऊ शकतो, पण बाहेरून येणाऱ्याला फक्त ठरावीक सवलतींपुरतेच पैसे देऊ शकतो. त्यामुळे महागडा खेळाडू आणायचा, तर त्या तोडीच्या वेतनाचे आपले खेळाडू द्यावे लागतात. स्मार्ट नऊ हंगाम बोस्टनकडून खेळला होता आणि 2022 मध्ये लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. त्याला देऊन दुखापतींसाठी ओळखला जाणारा खेळाडू आणणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे, असे अनेकांना तेव्हा वाटले आणि त्यांना चूक म्हणण्याचे धाडस मी केले नसते. पोर्झिंगिस 2024 च्या बादफेरीत बराच काळ बाहेर बसलाच. परंतु डॅलसविरुद्धच्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्यात राखीव खेळाडू म्हणून उतरून त्याने 21 मिनिटांत 20 गुण केले आणि ती मालिका बोस्टनने 4-1 अशी जिंकली. विजेतेपदामुळे ही अदलाबदल फायद्याची ठरली, हे मान्य. स्मार्ट गेला, हेही त्याच वाक्यात यायला हवे. ‘खरेदी’ हा शब्द नेमके तेच गिळून टाकतो.

पुढील विचारणा

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. ‘ड्राफ्ट’, ‘फ्री एजंट’ आणि ‘ऑफसीझन’ यांचे काय करावे?

प्रतिसाद

‘ड्राफ्ट’साठी ‘मसुदा’ लिहू नये, एवढे नक्की. यांत्रिक भाषांतरात ‘2023 चा एनबीए मसुदा’ असे वाचून हसावे की रडावे, कळत नाही. ‘नवोदितांची निवड’ म्हणावे, किंवा सरळ ‘ड्राफ्ट’ ठेवावे. त्यातील संघाच्या वाट्याला ‘निवडहक्क’ म्हटले की तो हक्क दुसऱ्याला देता येतो, हेही सूचित होते. बोस्टनने स्मार्टच्या व्यवहारात मिळालेला 25व्या क्रमांकाचा हक्क पुढे देऊन टाकला आणि मागे सरकत अखेरीस 38व्या क्रमांकावर जॉर्डन वॉल्शला घेतले.

‘फ्री एजंट’ला ‘करारमुक्त’ म्हणण्यात घोटाळा आहे, कारण त्यातून संघानेच त्याला काढले असाही अर्थ निघतो. मुदत संपली असेल तर ‘कराराची मुदत संपलेला खेळाडू’, संघाने मोकळे केले असेल तर ‘संघाने सोडलेला खेळाडू’, असे वेगळे लिहावे. ‘ऑफसीझन’ला ‘हंगामपूर्व’ चालणार नाही, कारण सरावसामन्यांचा हंगामपूर्व काळ वेगळा असतो. ‘दोन हंगामांमधला काळ’ किंवा लेखात एकदा संदर्भ आला की नुसते ‘उन्हाळा’ पुरते.

आपले मूळ वाक्य मी असे लिहीन: ‘2023 च्या उन्हाळ्यात सेल्टिक्सने स्मार्ट, ब्रॉग्डन आणि विल्यम्स यांच्यासह काही निवडहक्क देऊन पोर्झिंगिस आणि हॉलिडे यांना संघात आणले.’ लेख आज प्रसिद्ध होणार असेल, तर 2025 च्या उन्हाळ्यात वेतनखर्च आटोक्यात आणण्यासाठी बोस्टनने या दोघांनाही दिले, हे जोडावे: पोर्झिंगिस अटलांटाला गेला आणि हॉलिडे पोर्टलंडला.