सांगरीची पुडी सापडली आणि जैसलमेर आठवलं... तुम्हीही गाडीने वाळवंटात गेला असाल तर लिहा

सुरंगी
काल बेगमीचे डबे उन्हात ठेवायला काढले. आमसुलं वाळत होती, साठं घालायची होती, आणि तळातल्या डब्यात सांगरीची, म्हणजे राजस्थानातल्या वाळवलेल्या शेंगांची, पुडी निघाली. २०१९ च्या डिसेंबरात गुहागरहून गाडीने जैसलमेरला गेलो होतो तेव्हाची. सासूबाईंनी घेतली होती, त्यांचा तो शेवटचा मोठा प्रवास. पुडी हातात घेऊन ओटीवरच बसले जरा वेळ.

पनवेल, सुरत, अहमदाबादला मुक्काम, मग सांचोर, बाडमेर करत वर, एका बाजूने साधारण १४०० किमी. डेझर्ट नॅशनल पार्क म्हणजे फाटक असेल, तिकीट काढून आत जायचं, असं मला वाटलेलं. तसं नाहीये, ३१६२ चौ. किमी पसरलंय, आत माणसांच्या ढाण्या, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत, शेळ्या आहेत, वाळूच्या टेकड्या थोड्याच, बाकी खडकाळ माळ आणि शेवण गवत. एका ढाणीत पाणी मागितलं तर तिथल्या आजींनी टांक्याचं कुलूप काढलं. टांका म्हणजे अंगणातल्या पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी. लोटा भरून दिला, आणि सासूबाई हात धुवायला लागल्या तशी त्यांनी पटकन खाली परात सरकवली. ते पाणी शेळीला.

गाडीत बसल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, अगो, आपण पागोळ्यांखाली एक बादली ठेवत नाही कधी. घरी आल्यापासून शेवटपर्यंत मोरीतलं पाणी बादलीत धरून पोफळींना घालायच्या. आम्ही आधी हसायचो.

तर लिहा तुमचे अनुभव. आणि ही सांगरी आता खायची की टाकायची?

कोंड्याची भाकरी
कीड नसेल आणि वास नसेल आला तर खुशाल खा. ती खेजडीची शेंग, म्हणजे आपली शमीच. तिकडे दुष्काळात हीच खाऊन माणसं जगायची म्हणतात. रात्रभर भिजत घालून उकडून घे, मग तेलावर लाल मिरची, आमचूर. आमचूर नसेल तर आमसूल टाक, बिघडत नाही.

माळावरचा
धाग्याबद्दल आभार. मी दापोलीचा, पक्षी बघायचं वेड, नान्नजला चार वेळा जाऊन एकदाही माळढोक दिसला नव्हता. सोलापूरजवळ १९७९ पासून अभयारण्य आहे माळढोकाचं पण तिथे आता तो दिसणं म्हणजे नशीबच. म्हणून फेब्रुवारीत परवानगी काढून डेझर्ट नॅशनल पार्कातल्या सुदासरीला गेलो. तिकडे गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे १९८१ पासून. पहाटे इतकी थंडी की दुर्बीण धरता येईना, आणि गवतात आधी फक्त मान दिसली, पांढरी, वर काळी टोपी. मग दुसरी. मग तिसरी. नर केवढा असतो माहितीय, १५ किलोपर्यंत भरतो, उडू शकणाऱ्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. चालतो मात्र एखाद्या म्हाताऱ्या खोतासारखा, सावकाश. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत.

वाईट याचं वाटतं की त्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला, आणि अंग जड असल्याने ऐनवेळी वळता येत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरतो. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. जंगलात आता दीडशेसुद्धा उरलेले नाहीत. जैसलमेरजवळच्या समला २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम सुरू आहे तेवढीच आशा. जाणार असाल तर लवकर जा, आणि गाइडने सांगितल्याशिवाय गाडीतून उतरू नका.

सुरंगी
@माळावरचा आम्हाला नाही दिसला हो. चिंकारा दिसली आणि बिळाच्या तोंडाशी बसलेला सांडा, तो काटेरी शेपटीचा वाळवंटातला सरडा. तुमचं वाचून परत जावंसं वाटतंय.

सोडेवाला
आमच्या बाबांनी आठ दिवस मासळी मिळणार नाही म्हणून डिकीत सोडे आणि सुकट भरून घेतलेली. वापीपर्यंत गाडीत बसवेना!! जैसलमेरच्या होमस्टेतले लोक शाकाहारी, त्यांच्या चुलीवर कसं करणार, मग बाबा रोज रात्री डबा उघडून नुसता वास घ्यायचे. आई म्हणाली देवापुढे उदबत्ती लावल्यासारखं करताय. शेवटी घोटुआ लाडू आवडले त्यांना, चार किलो आणले.

कोंड्याची भाकरी
😂😂 सोडे घालून सांगरी कुणी केलीय का? लागेल छान असं वाटतंय.

हर्णैचा दर्या
आमची गाडी समच्या वाळूत रुतली. मी रेस करतोय आणि चाक अजून खाली. एक उंटवाले काका आले, म्हणाले गाडी बंद कर आधी. चारही टायरची हवा निम्मी केली, पुढची वाळू हाताने काढली, दुसऱ्या गिअरमध्ये हळू, निघाली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

हे लिहितोय कारण आपल्याकडे किनाऱ्यावर गाड्या घालणारे दर शनिवारी बघतो. वाळवंटात रुतली तर उंट येतो, इथे भरती येते. आणि आंजर्ले, वेळास, गुहागरला कासवं अंडी घालतात त्याच वाळूत, हिवाळ्यापासून पुढे. कृपा करून नका घालू रे गाड्या.

सुरंगी
अगदी. आमच्या इथेही तेच.

वाडीतला
सुरंगीताई तुमच्या सासूबाईंचं वाचून राहवलं नाही. आमची वाडी लांज्याजवळ. पाऊस ३००० मिमीच्या वर आणि मे महिन्यात टँकर. जांभा पाणी धरत नाही, सगळं खाली झिरपून वहाळाने समुद्रात. आई डोक्यावरून हंडे आणायची ते मी पाहिलंय. तर २०२२ ला जैसलमेरला गेलो, वर्षाला सरासरी २०० मिमीसुद्धा नाही तिथे, तेवढा आपल्याकडे जुलैत दोन-तीन दिवसांत पडतो. कुलधरा या तिथल्या ओसाड गावात सगळे भुताच्या गोष्टी ऐकायला जातात, मला मात्र गाइडने सांगितलेलं खडीन लक्षात राहिलं. ते त्या गावच्या पालीवाल लोकांचं तंत्र, खोलगट जागेला मातीचा लांब बांध घालायचा, आजूबाजूच्या खडकाळ माळावरचं पाणी तिथे अडतं, मुरतं, आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा. पालीवालांनी गाव सोडून दोनशे वर्षं होत आली पण खडिनं अजून पिकतात त्या भागात.

परत आल्यावर वाडीतल्या दहा-बारा जणांनी मिळून वहाळावर पोत्यांचे बंधारे घातले, दर नोव्हेंबरात घालतो. विहिरीला एप्रिल निघतो आता. मे अजून नाही.

सुरंगी
एप्रिल निघतो म्हणजे केवढं काम झालं दादा. सासूबाई असत्या तर हे वाचून दाखवलं असतं.

मालवणी मेवो
माका वाळू म्हटल्यार देवबागचीच आठवता. जैसलमेरजवळच्या खुरीक गेलंय तेव्हा रात्री चांदण्यात वाळू बघून वाटला, ह्या टेकडीच्या पलीकडे दर्या असतलोच. चढान बघलंय. परत वाळूच.

चिंगीची आई
आकल फॉसिल पार्क कुणीच लिहिलं नाही? शहरापासून १७ किमी, बाडमेर रस्त्यावर. १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं, दगड झालेली. मुलगी सात वर्षांची, खोडाला हात लावून म्हणाली आई हा फणस होता का. जंगल होतं म्हणे तिथे, दमट, आपल्यासारखं. उचलून काही आणायचं नाही हां, बंदी आहे. पोरगी रडली पण मी ठाम. मे मध्ये जाऊ नका, आमच्या मामांनी ती चूक केलेली, दोन दिवस खोलीतच. बाकी नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

सोडेवाला
पाकिस्तान सीमेजवळचं तनोट, लोंगेवाला पण करा. सासरे फौजेतले. तनोटच्या देवळात १९६५ च्या युद्धातले न फुटलेले बॉम्ब ठेवलेत, ते बघत उभे राहिले. लोंगेवालाला ४-५ डिसेंबर १९७१ ची लढाई झाली तिथे रणगाडे आहेत, तिथे मात्र गाडीतून उतरलेच नाहीत. आम्ही विचारलं नाही.

सुरंगी
रात्री भिजत घातली सांगरी, कीड नाही. सकाळी भिजवलेलं पाणी पोफळीलाच घातलं. @कोंड्याची भाकरी आमसूल किती घालू? तीन-चार?

कोंड्याची भाकरी
तीन पुरे. आणि ताई, तुमच्याकडे यंदा हापूसच्या पेट्या आहेत का शिल्लक? बहिणीला पाठवायच्यात.