२०० किलोमीटरच्या तयारीसाठी आधी काय घ्यावे: जीपीएस सायकल कॉम्प्युटर की हार्ट रेट मॉनिटर?

चढउतार यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ४६ असून गेली दीड वर्षे मी नियमितपणे सायकल चालवत आहे. आठवड्यातून तीन दिवस तास-दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी ६० ते ८० किलोमीटर, असा माझा शिरस्ता आहे. येत्या पाच महिन्यांत २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मार्गाने, ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल सफर) साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करायची, असे मनाशी ठरवले आहे. अडचण अशी की आजवर दोनदा १२० किलोमीटर गाठण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा शंभरीच्या आतच पायांतले बळ सरले. उरलेले अंतर कसेबसे रेटत काढावे लागले.

सध्या माझ्याकडे तारेचे साधे स्पीडोमीटर आहे. चाकावरच्या चुंबकाच्या आधाराने ते वेग आणि अंतर दाखवते, पण कसलीही नोंद साठवून ठेवत नाही. खिशात फोन असतो, मनगटावर स्मार्ट घड्याळ नाही. एका वेळी एकच वस्तू घेणे मला शक्य आहे. हँडलबारवर लावायचा जीपीएस कॉम्प्युटर आधी घ्यावा, की छातीवर बांधायचा हार्ट रेट मॉनिटर? आणि जे आधी घेईन ते दुसऱ्यावाचून खरोखर उपयोगी पडेल का?

मंदगती यांचे उत्तर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. छातीचा पट्टा हा केवळ संवेदक असतो. त्याला स्वतःचा पडदा नसतो. तो हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतसंकेत टिपतो आणि ब्लूटूथ किंवा अँट प्लस या बिनतारी पद्धतीने पुढे पाठवतो. तो आकडा दाखवायला आणि साठवायला फोन, घड्याळ किंवा सायकल कॉम्प्युटर यांपैकी काहीतरी लागतेच. तुमच्याकडे फोन आहे, त्यामुळे पट्टा घेतलात तर तो पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. उलटपक्षी नुसता जीपीएस कॉम्प्युटर घेतलात, तर वेग, अंतर, चढण आणि नकाशा एवढे सगळे मिळेल. पण ते मिळवताना शरीराला काय किंमत मोजावी लागली, हे मात्र त्यातून कळणार नाही.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे वळतो. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरपेक्षाही थोडी कमी सरासरी. दीड वर्षाचा सराव असलेल्या माणसाला वेग कमी पडत असेल असे मला वाटत नाही. तुम्ही पहिल्या दोन-तीन तासांत गरजेपेक्षा जास्त जोर लावता आणि शरीरातली ऊर्जेची साठवण लवकर संपवता, हीच शक्यता मला अधिक दिसते. स्पीडोमीटरला हे कधीच दिसत नाही, कारण वेग हा श्रमाचा फार फसवा मापक आहे. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे समोरून वारा असताना ताशी १८ चा वेग राखायला जेवढे श्रम पडतात, तेवढ्यात वारा नसताना कितीतरी पुढे जाता येते. ठरावीक वेगाच्या हट्टाने वाऱ्याविरुद्ध आणि चढावर झटणारा माणूस नेमका तुम्ही वर्णन केलेल्या रीतीनेच थकतो. मी स्वतः आधी कॉम्प्युटर घेतला आणि दोन वर्षे नकाशांचा व सरासरी वेगांचा ढीग जमवला. पट्टा बांधल्यावर पहिल्याच लांब फेरीत लक्षात आले की ज्याला मी आरामाची चाल समजत होतो, ती माझ्या शरीराला मुळीच आरामाची नव्हती.

पट्टा घेतल्यावर मात्र ‘२२० वजा वय’ या सूत्राच्या भरवशावर राहू नये, असे कळकळीने सांगतो. हे सूत्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झाले आणि त्याची सरासरी ठीक असली, तरी व्यक्तीगणिक त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तुमच्या वयाला त्यातून १७४ येतील. प्रत्यक्षात तुमची कमाल १६२ असू शकते किंवा १८६ सुद्धा. त्याऐवजी एखाद्या सपाट, रहदारी नसलेल्या रस्त्यावर एकट्याने ३० मिनिटे, जेवढा जोर अखेरपर्यंत टिकवता येईल तेवढा लावून सायकल चालवावी आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती घ्यावी. हा तुमचा उंबरठा, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या जोराची वरची सीमा, समजावा. लांब पल्ल्याचा बहुतांश वेळ या आकड्याच्या साधारण ८० ते ९० टक्क्यांत घालवावा. तेवढ्या श्रमात शेजारच्या सायकलस्वाराशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे.

मनगटावरून हृदयगती मोजणाऱ्या घड्याळाचा पर्याय कोणी सुचवेल, म्हणून तेही लिहून ठेवतो. त्यात हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्तप्रवाहातील चढउतार मोजले जातात. हँडलबार धरल्याने मनगट वाकलेले असते, रस्त्याचे हादरे थेट तिथे पोहोचतात आणि थंडीत त्वचेतला रक्तपुरवठाही कमी होतो. त्यामुळे सायकलवर ते मोजमाप अनेकदा भरकटते. पट्टा छातीला नकोच असेल, तर दंडावर बांधायचा प्रकाशीय संवेदक मनगटापेक्षा बराच भरवशाचा ठरतो.

रात्रीचा_प्रवासी यांचे उत्तर

मंदगती यांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही माझा सल्ला वेगळा राहील, कारण प्रश्नकर्त्यांचे ध्येय ब्रेव्हे हे आहे. ब्रेव्हेत मार्ग स्वतःच शोधावा लागतो, ठरलेल्या नियंत्रण केंद्रांवर ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचावे लागते, आणि वाट चुकल्यावर जिथून चुकलो तिथे परत यावे लागते. माझ्या पहिल्या ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत फोन खिशात ठेवून मी मार्गपत्रिकेवर विसंबलो होतो. अंधारात एक वळण हुकले आणि ते उमगेपर्यंत साडेपाच किलोमीटर उताराने खाली गेलो होतो. तेवढाच चढ पुन्हा चढण्यात जो वेळ आणि जी उमेद गेली, ती हृदयगतीच्या कुठल्याही शिस्तीने भरून निघाली नसती.

फोनवर नकाशा पाहता येतो, हे खरे. परंतु दिवसभर पडदा उजळलेला ठेवून फोनची बॅटरी टिकत नाही, भर उन्हात तो पडदा वाचता येत नाही, आणि पावसाच्या थेंबांनी किंवा ओल्या बोटांनी तो मनासारखा चालत नाही. शिवाय संकटसमयी मदत मागण्याचे तेच एक साधन असते, म्हणून त्याची बॅटरी मी राखून ठेवतो. सायकल कॉम्प्युटरचा पडदा सूर्यप्रकाशात वाचता येईल असाच बनवलेला असतो, बटणे हातमोजे घालूनही दाबता येतात आणि बहुतेक उपकरणे एका चार्जवर दिवसभराची सफर सहज पार पाडतात.

चढणीच्या आकड्यांबद्दलही सांगायला हवे, कारण लांब पल्ल्यात अंतरापेक्षा चढणच माणसाला अधिक दमवते. उपग्रहांवरून मिळणारी उंची आडव्या स्थानाच्या तुलनेत कमी अचूक असते. त्यासाठी चांगल्या कॉम्प्युटरमध्ये वायुदाबमापक असतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेले की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटतो, आणि त्यावरून उंचीतला लहानसा फरकही टिपला जातो. मात्र हवामान बदलले की दाबही बदलतो. दिवसभरात तो चार हेक्टोपास्कलने उतरला, तर एकाच जागी परत येऊनही तीसेक मीटर उंची वाढलेली दिसेल. उपकरणाच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रात पावसाचे पाणी साचले, तरी आकडे बिघडतात. दाट झाडी आणि उंच इमारती यांच्यात उपग्रहांचे संकेत परावर्तित होऊन येतात आणि मार्गाची रेषा वाकडीतिकडी उमटते. उपग्रहसंकेतांच्या एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही वारंवारता वापरणाऱ्या उपकरणांत हा दोष बराच कमी झालेला आढळतो.

आणखी एक सूचना. कोणतेही उपकरण घेतले, तरी पडद्यावर थांबे धरून येणारी सरासरी अवश्य लावावी. थांबल्यावर आपोआप गणना थांबवण्याची सोय सुरू असेल, तर ताशी २२ ची सुखावह सरासरी दिसत राहते. ब्रेव्हेचे घड्याळ मात्र थांबत नाही. ताशी २२ ने २०० किलोमीटरला नऊ तास पाच मिनिटे लागतात, म्हणजे थांब्यांसाठी तुमच्याकडे जवळजवळ साडेचार तास आहेत. हा हिशोब माहीत असला की सुरुवातीची घाई आपोआप कमी होते.

नाडी यांचे उत्तर

मी डॉक्टर आहे, म्हणून एवढीच भर घालते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील औषध घेत असाल, तर हृदयगती कृत्रिमरीत्या कमी राहते आणि कोणत्याही सूत्रातून काढलेले टप्पे निरर्थक ठरतात. अशा वेळी श्वासाचा वेग आणि बोलण्याची सहजता हेच मापक मानावेत. वर सुचवलेली ३० मिनिटांची चाचणी पूर्ण जोराची आहे. चाळिशीनंतर ती पहिल्यांदा करण्यापूर्वी, विशेषतः घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर, तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा ठोके अनियमित वाटणे यांपैकी काहीही जाणवले, तर पट्ट्याचा आकडा काहीही येत असला तरी सायकल थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

चढउतार यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी कोणतेही औषध घेत नाही, तपासणीही करून घेतली आणि सर्व ठीक निघाले. एका मित्राने त्याचा पट्टा महिनाभरासाठी दिला. चाचणीत शेवटच्या २० मिनिटांची सरासरी १५८ आली, म्हणजे माझी मर्यादा साधारण १२६ ते १४२ ठरते. त्यानंतर नेहमीची ७० किलोमीटरची फेरी मुद्दाम माझ्या जुन्या पद्धतीने केली. पहिल्या तासाची सरासरी हृदयगती १४९ आणि वेग २४ होता. शेवटच्या तासात वेग १९ वर आला. पुढच्या सुट्टीत तीच फेरी १४२ च्या आत राहून केली. पहिल्या तासात २२ आणि शेवटच्या तासात साडेएकवीस. एकूण वेळ जवळपास तेवढाच लागला, आणि घरी आल्यावर अंगात त्राण उरलेले होते. हा अनुभव माझ्यासाठी फार मोलाचा आहे.

दोन शंका मात्र उरल्या आहेत. पहिल्या दहा मिनिटांत आकडा अचानक २०५ पर्यंत उडतो आणि मग खाली येतो. आणि दुसऱ्या फेरीत वेग जवळपास तोच असूनही शेवटच्या तासात हृदयगती १३४ वरून १४१ वर गेली. तेव्हा वेग कमी करायला हवा होता का?

मंदगती यांचे उत्तर

पहिल्या शंकेचे कारण बहुधा कोरडे इलेक्ट्रोड, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या बाजूचे संकेत टिपणारे भाग, हे आहे. घाम येईपर्यंत त्वचा आणि पट्टा यांच्यात नीट संपर्क नसतो. त्यातच वाऱ्याने फडफडणारी कोरडी जर्सी स्थिर विद्युत निर्माण करते आणि तिचे झटके पट्टा ठोके म्हणून मोजतो. निघण्यापूर्वी पट्ट्याची आतली बाजू पाण्याने चांगली भिजवावी आणि पट्टा सैल नाही याची खात्री करावी. तरीही असा आकडा दिसला, तर थांबून मानेवरची नाडी १५ सेकंद मोजावी आणि तिला चारने गुणावे. ताळा जमला नाही, तर दोष पट्ट्याचा. ताळा जमला आणि आकडा खरोखरच तेवढा असला, तर नाडी यांनी वर सांगितल्याप्रमाणे वागावे.

दुसरी गोष्ट नैसर्गिक आहे. घामावाटे पाणी गेल्याने रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडेही वळते, आणि प्रत्येक ठोक्याला हृदयातून थोडे कमी रक्त बाहेर पडते. ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढते. तीन-सव्वातीन तासांच्या फेरीत सात ठोक्यांची वाढ ही काळजीची बाब नाही. श्वास शांत असेल आणि बोलता येत असेल, तर वेग तसाच ठेवावा. मात्र वाढ १५-२० ठोक्यांपर्यंत गेली, तर पाणी, मीठ किंवा खाणे कमी पडले असे समजून आधी त्याची सोय करावी. चढ सुरू होताना याच्या अगदी उलट घडते. हृदयगती श्रमाच्या मागून, अर्धा मिनिट ते दोन मिनिटांनी वर येते. म्हणून चढाच्या पायथ्याशी आकडा कमी दिसला तरी त्यावर विसंबून जोर लावू नये. तिथे गिअर लवकर हलका करावा आणि श्वासाकडे लक्ष द्यावे.

रात्रीचा_प्रवासी यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, त्यामुळे ब्रेव्हेपूर्वी कॉम्प्युटरची सोय व्हावीच. शक्य झाल्यास त्या दिवसापुरता तो कोणाकडून मागून घ्यावा आणि मार्ग आदल्या दिवशीच त्यात भरून तपासावा. स्वतःचा पट्टा घेताना ब्लूटूथ आणि अँट प्लस दोन्ही असलेलाच घ्यावा, म्हणजे पुढे कोणताही कॉम्प्युटर आला तरी तो जुळेल. आणि मित्राच्या पट्ट्याबाबत एक खबरदारी: फेरी संपल्यावर त्यावरची संवेदकाची डबी काढून ठेवावी आणि पट्टा साध्या पाण्याने धुऊन वाळवावा. ओल्या पट्ट्याला डबी तशीच अडकवून ठेवली, तर ती सुरूच राहते आणि आतली बॅटरी विनाकारण संपते. १५० किलोमीटरची फेरी झाली की पहिल्या आणि शेवटच्या तासाचे आकडे इथे अवश्य लिहावेत.