थेन सेन यांना सुधारक म्हणायचं का?

मांडवीकर (धागाकर्ता)

डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन थिबा राजाच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाच्या समाधीचं दर्शन घेऊन गेले. आमच्याकडे थिबा पॅलेसचा विषय निघाला की कोणीतरी त्या भेटीची आठवण काढतं आणि वादाला तोंड फुटतं. हा माणूस लष्करशहांच्या पंगतीतला, की पंगतीतून उठून गेलेला?

मी म्हणतो, उठून गेलेला. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यात जन्म, वडील धक्क्यावर हमाली करायचे. १९६८ मध्ये लष्करी प्रबोधिनीतून बाहेर पडला आणि पुढे चाळीस वर्षं गणवेशात. २००७ मध्ये पंतप्रधान सो विन रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडले तेव्हा हंगामी पंतप्रधान झाला, ते वारल्यावर कायम. पण पंतप्रधान म्हणजे उतरंडीत चौथा. खरी सत्ता लष्करशहा थान श्वे यांच्या मुठीत.

मार्च २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मात्र याने काय केलं बघा. ऑगस्टमध्ये लोकशाहीवादी नेत्या आँग सान स्यू की यांना राजधानी नेपिडॉला बोलावून त्यांच्या वडिलांच्या, स्वातंत्र्यलढ्याचे नेते जनरल आँग सान यांच्या तसबिरीखाली उभं राहून फोटो काढला. याच लष्कराने १९८८ नंतर त्या माणसाचा चेहरा नोटांवरूनसुद्धा काढून टाकला होता! सप्टेंबरमध्ये इरावतीवरचं, चीनच्या पैशांतून होणारं मितसोन धरण थांबवलं. २०१२ मध्ये छापण्याआधी मजकूर तपासून घेण्याची सक्ती उठवली. २०१५ ची निवडणूक त्याचा पक्ष सपाटून हरला आणि मार्च २०१६ मध्ये तो मुकाट्याने पायउतार झाला. १९९० मध्ये याच लष्कराने हरल्यावर सत्ता सोडली नव्हती, हे विसरू नका.

उलटतपासणी

चाळीस वर्षं एका वाक्यात उरकलीत आणि पाच वर्षांवर परिच्छेद. सोयीचं आहे.

मे २००८ बद्दल बोलू. नर्गिस चक्रीवादळात मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १,३८,००० माणसं गेली. आपत्ती निवारण समितीचा प्रमुख कोण? पंतप्रधान थेन सेन. परदेशी मदतनीसांचे व्हिसा अडकवून ठेवले, मदत घेऊन आलेल्या अमेरिकन आणि फ्रेंच नौका समुद्रातच ताटकळल्या. थायलंडहून आलेल्या खोक्यांवर सेनाधिकाऱ्यांची नावं चिकटवून सरकारी टीव्हीवर वाटप दाखवलं. एका खोक्यावर जनरल म्यिंट स्वे यांचं नाव ठळक, आणि थायलंडची मदत असल्याचं खाली बारीक अक्षरात. प्रेतं तरंगत असताना १० मे रोजी राज्यघटनेवर सार्वमत उरकलं. फार बुडालेल्या भागात तेवढं दोन आठवड्यांनी घेतलं. निकाल काय, तर ९२ टक्के लोकांना घटना पसंत!

आणि वादळ आलं ते याच्याच जन्मगावच्या मुलखात.

मांडवीकर

व्हिसा द्यायचा की नाही हे पंतप्रधान ठरवत नव्हता हो. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून शेवटी कोणाला भेटायला गेले? थान श्वे यांना. त्यानंतर दारं किलकिली झाली. नर्गिसने हा माणूस हलला, असं पुढे त्याच्या सल्लागारांपैकी काहींनी सांगितलंय.

शिवाय खिन न्युंटचं उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तोही लष्करी राजवटीचा पंतप्रधान. २००३ मध्ये लोकशाहीचा सात टप्प्यांचा आराखडा जाहीर केला, ऑक्टोबर २००४ मध्ये 'प्रकृतीच्या कारणास्तव' निवृत्त, आणि पुढच्या वर्षी ४४ वर्षांची स्थगित शिक्षा. घरातच नजरकैदेत पडला. चौथ्या क्रमांकावर बसून तोंड उघडलं तर काय होतं हे थेन सेनला पक्कं ठाऊक होतं.

उलटतपासणी

म्हणजे चांगलं झालं ते थेन सेनने केलं आणि वाईट झालं ते थान श्वेने करवलं. छान हिशोब आहे. आणि खिन न्युंट वीस वर्षं लष्करी गुप्तचर खातं चालवत होता, हेही सांगत चला. त्याच्या खात्याने तुरुंगात डांबलेल्यांची बाजू कोण मांडणार?

काळी_शाई

दोघेही व्यक्तीवर अडकलात. कागद बघा. नव्या घटनेची तत्त्वं ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचा अध्यक्ष थेन सेनच होता. त्या घटनेत काय आहे? संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला. महत्त्वाची दुरुस्ती करायला ७५ टक्क्यांहून अधिक मतं, म्हणजे लष्कराच्या होकाराशिवाय काना-मात्रा हलायचा नाही. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती सरसेनापतीच्या माणसांकडे. परदेशी नागरिक मुलं असतील तर राष्ट्राध्यक्षपद बंद, ही अट स्यू की यांच्यासाठीच, हे सांगायला नको.

घराच्या किल्ल्या भाडेकरूला देऊन मागचं दार स्वतःकडे ठेवायचं, याला पायउतार होणं म्हणतात का? १ फेब्रुवारी २०२१ रोजी सरसेनापती मिन आँग लाइंग बंड करून त्याच दाराने आत आले, याच घटनेतली आणीबाणीची कलमं दाखवत. हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून सही कोणाची? म्यिंट स्वे यांची. खोक्यावरचं नाव आठवतंय ना?

निवांत

शाईभाऊ, मुद्दा बिनतोड आहे. पण सामान्य माणसाच्या बाजूने बघाल का? आधी तिथे सिमकार्डला शेकडो, एकेकाळी हजारो डॉलर मोजावे लागत. २०१४ मध्ये परदेशी कंपन्या आल्या आणि ते दीड हजार क्यातला (क्यात म्हणजे तिथलं चलन), म्हणजे जेमतेम दीड डॉलरला मिळायला लागलं. १९८८ च्या विद्यार्थी उठावाचे नेते मिन को नाइंग जानेवारी २०१२ मध्ये सुटले. परागंदा पत्रकार परत आले. २०२१ मध्ये रणगाड्यांसमोर उभी राहिलेली पोरं या मोकळ्या हवेत वाढली होती. हे थेन सेनच्या मनात असेल-नसेल, पण झालं खरं.

जुना_वाचक

ती मोकळी हवा पश्चिमेकडच्या राखाइन राज्यापर्यंत पोचली नाही. २०१२ मध्ये तिथे दंगली पेटल्यावर याच सुधारकाने संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांना सुचवलं होतं की रोहिंग्यांना छावण्यांत ठेवा, नाहीतर तिसऱ्या देशात पाठवा. उत्तरेकडच्या काचिन राज्यात बंडखोरांशी १९९४ पासून असलेली शस्त्रसंधी याच्याच काळात, जून २०११ मध्ये मोडली. डिसेंबरमध्ये याने हल्ले थांबवायचा आदेश दिला, लष्कर लढतच राहिलं. एक तर आदेश दिखाऊ होता, नाहीतर राष्ट्राध्यक्षाला कोणी विचारत नव्हतं. मांडवीकर, यातलं कुठलं घेता?

मांडवीकर

दुसरं. आणि म्हणूनच जे जमलं त्याचं श्रेय द्यावंसं वाटतं. रोहिंग्यांबाबतच्या भूमिकेचं समर्थन मी करणार नाही.

उलटतपासणी

मग २०२१ च्या बंडानंतरचं बघा. जून २०२४ मध्ये पंचशील तत्त्वांच्या सत्तरीच्या समारंभाला बीजिंगमध्ये ब्रह्मदेशातर्फे कोण बसलं होतं? माजी राष्ट्राध्यक्ष थेन सेन. तेव्हा त्याला कोणी जबरदस्तीने चौथ्या क्रमांकावर बसवलं नव्हतं.

मांडवीकर

बसला होता, मान्य. पण बीजिंगला जे धरण हवं होतं ते मितसोनला अजून उभं राहिलेलं नाही, तेवढं धाग्यात नोंदवून ठेवतो.